पेडणेकर आणि उणे तेवीस

जपानात नवीन सिंथेसायझर निघाला की चंदनसारच्या आमच्या इमारतीत पेढे वाटले जात. वाटणारे अर्थातच पेडणेकर. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पुडा आणि चेहरा मुलगा झाल्यासारखा. "निमकर, चौसष्ट आवाज! एका वेळी चौसष्ट!" पहिल्या खेपेला माझ्या बायकोचा घोटाळाच झाला. तिने कौतुकाने विचारलं, "वजन किती?"

"चौदा किलो, वहिनी," पेडणेकर म्हणाले.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. पेडणेकरांचा भाचा जहाजावर होता. तो परदेशातल्या बंदरांतून सिंथेसायझरची जुनी मासिकं आणायचा. त्यामुळे बातमी वर्षभर तरी शिळी असे. एकदा पेढे वाटून झाले आणि पुढच्या अंकात तेच मॉडेल बंद झाल्याचं छापून आलं. पेडणेकरांनी दोन दिवस दाढी केली नाही.

ते माझ्या भिंतीपलीकडचे. तुळिंजला टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. आई गेल्यापासून दोन खोल्यांत ते एकटे आणि त्यांचा तो सिंथ, तोही भाच्यानेच आणलेला. जिन्यात भेटले की काहीतरी ऐकवल्याशिवाय सोडत नसत. एक वाद्य म्हणे हात न लावता वाजतं, नुसता हवेत हात हलवायचा. एकात प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, आठ सेकंद वाजला की संपला. मी शाळेत भूगोल शिकवून दमून आलेलो, हातात पालेभाजी, आणि हे आठ सेकंदांवर अर्धा तास बोलत.

कुठलाही आवाज त्यांना जसाच्या तसा पसंत पडत नसे, सिंथवरच्या फिल्टरने गाळूनच हवा. आमचा कुकर शिट्टी द्यायला लागला की पलीकडून हाक यायची, "चांगली आहे हो वहिनी! जरा फिल्टर मारला की बासरी!" सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून सेक्रेटरी राणे ओरडत होते, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "राणेंना कुणीतरी फिल्टर मारा रे." सगळे हसले. मीही हसलो आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडलो.

कारण खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगलाच. पेढ्यांवर जळत होतो, शिळ्या बातम्यांवर जळत होतो, पण सगळ्यात जास्त एका बटणावर. मी पेटी वाजवतो. वडिलांची पेटी, रोज संध्याकाळी साडेसहाला, नेमाने. गाणारा काळी चार म्हणो की पांढरी पाच, कुठूनही वाजवता यावं म्हणून अठरा वर्षं बोटं झिजवली. पेडणेकरांनी एकदा घरी बोलावून दाखवलं. "काळी चार हवी? घ्या." एक बटण दाबलं आणि पांढऱ्या एकच्याच पट्ट्या काळी चारमध्ये वाजायला लागल्या. माझी अठरा वर्षं त्या बटणाखाली गेली. मी "छान आहे" म्हणालो, घरी आलो आणि आमटी खारट झाली म्हणून बायकोवर ओरडलो. आमटीत काही दोष नव्हता.

एकच समाधान होतं. ते बटण दाखवलं तेवढंच, एरवी पेडणेकर कायम कानाला हेडफोन लावून वाजवत, त्यामुळे त्यांचं वाजवणं कोणी ऐकलेलं नव्हतं. मी बायकोला म्हणायचो, "येत असतं तर ऐकवलं नसतं का?"

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा सव्वीस जानेवारीला. संध्याकाळी गच्चीवर भावगीतं, साथीला नऊ वर्षं माझी पेटी. त्या वर्षी राणे म्हणाले, "सर, यंदा पेडणेकरांचा सिंथ घेतोय. जमाना बदलला. तुम्ही पुढच्या रांगेत आरामात बसा." मी बसलो. सत्यनारायणाकडे काय मागितलं ते सांगत नाही. पण मिळालं.

साथीला राण्यांचे मेहुणे बासरी घेऊन वसईहून आले होते. पहिलं गाणं सुरू झालं मात्र, बासरी एकीकडे, सिंथ दुसरीकडे आणि मधल्यामध्ये गाणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या कदम वहिनी. पेडणेकर गाणं थांबवून मेहुण्यांना म्हणाले, "तुम्ही चढलाय. जरा खाली घ्या."

"बासरी आहे ती. खाली कुठे घेऊ?" मेहुणे म्हणाले.

पुन्हा सुरू, पुन्हा तेच. मागून कोणीतरी ओरडलं, "पेडणेकर, फिल्टर मारा!" गच्ची हसली. त्यात माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. पेडणेकरांचे कान लाल झाले आणि ते पट्ट्यांकडे बघत राहिले.

"सर, पेटी आणा," राणे म्हणाले. बावन्नाव्या वर्षी मी तीन मजले कसे उतरलो आणि चढलो, माझं मला ठाऊक. भाता हलवला, सा दाबला. पेडणेकरांचं बोट अजून त्यांच्या सावर होतं. दोन्ही सूर केसभरही फरक न पडता एकमेकांत मिसळले. दोघांपुढे बासरी एकटी पडली. मेहुणे बासरी पिशवीत घालून रागाने उठले. माझी जागा मला परत मिळाली, कार्यक्रम झाला. पेडणेकर वायर गुंडाळून प्रसाद न घेताच खाली गेले.

मला मात्र झोप लागेना. जपानी कारखान्यातलं यंत्र माझ्या वडिलांच्या पेटीशी जुळतं कसं? सकाळपर्यंत मी निकाल देऊन टाकला होता. या माणसाने माझा सूर चोरला. संध्याकाळी सहाला मी भांडायला गेलो.

"तुमचा सिंथ माझ्या पेटीशी कसा जुळला?" मी दारातूनच विचारलं.

ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग सिंथवरची इवलीशी हिरवी काच दाखवली. तिथे आकडा होता: उणे तेवीस.

"रागावू नका, निमकर. अर्ध्या सुराचे शंभर भाग धरले तर तुमची पेटी एवढे भाग उतरलेली आहे. सहा वर्षं मी हा आकडा हलवलेला नाही. कान तसाच झालाय. काल मला खरंच वाटलं की बासरीच चढली."

"पण कशासाठी?"

"तुम्ही साडेसहाला बसता ना. मीपण बसतो, एक कान हेडफोनबाहेर ठेवून. दुकान त्यासाठीच लवकर बंद करतो."

त्या सिंथमध्ये वाजवलेलं साठवून ठेवायची सोय होती. त्यांनी एक फ्लॉपी आत सरकवली आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवला. खाली एक संथ, भरीव सूर. त्यावर हळूच येणारी सुरांची जोडी. माझी भूपातली गत होती ती, पण गतच नव्हती. आजूबाजूचं सगळं होतं, मधली जागा रिकामी.

"चाल कुठे आहे?"

"ती तुमची. ती मी कशी वाजवणार? ती भिंतीतून येते."

"मग हेडफोन कशाला? मोठ्याने का नाही वाजवलंत?"

"तुम्ही वाजवायचं थांबवलं असतं."

मला खोटं बोलता आलं नाही. थांबवलंच असतं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. साथ सुरेख होती, हेवा वाटण्याइतकी, आणि मला तो वाटलाही. अंतऱ्यात एका ठिकाणी मी रोज अडखळतो. इतक्या वर्षांत बायकोलाही ते कळलेलं नाही. पेडणेकर तिथे अर्धी मात्रा थांबले होते. दुसऱ्या फ्लॉपीवर थांबले होते. तिसऱ्याही.

मी उठून घरी आलो आणि पेटी उचलली. बायको म्हणाली, "भांडलात ना?"

"चहा तिकडेच पाठव," मी म्हटलं.

पेडणेकरांनी हेडफोनची पिन उपटली. आम्ही समोरासमोर बसलो आणि भूप सुरू केला. अंतरा आला. त्या संध्याकाळी कसं कोण जाणे, मी अडखळलो नाही. पेडणेकर मात्र सवयीने थांबले.