उकंडाजींच्या सतारीची चरचर

उकंडाजींनी एकदा चालू लग्न थांबवलं होतं. नवरी त्यांच्या नात्यातली नाही, नवरदेव ओळखीचा नाही. हे आपले जेवायच्या बोलावण्यावर आलेले. मंगलाष्टकं संपत आली, सनईवाल्यानं गाल फुगवले, तेवढ्यात हे गर्दीतून हात वर करून ओरडले, "थांबा! हे कोन चरचरून राह्यलं?"

लोकांना वाटलं, साप निघाला. बायका लुगडी सावरत पळाल्या, भटजी नवरदेवाच्या पाटावर चढले. उकंडाजी शांतपणे मांडवाच्या खांबापाशी गेले, टांगलेल्या कंदिलाची काच बोटानं दाबली अन् म्हणाले, "काच ढिली हाये. सनई वाजली की थरथरते. हं, आता होऊ द्या." मुहूर्त टळला नाही म्हणून बरं, नाही तर नवरदेवाच्या मामानं त्यांनाच कंदिलाशेजारी टांगलं असतं.

असा हा माणूस कामरगावात माझा शेजारी. त्यांचा गावालगत भाजीचा मळा आणि माझं किराण्याचं दुकान. गुळाचा खडा घ्यायला यायचे अन् भर गिऱ्हाइकांत तागडीला कान लावायचे. "भौ, तागडी कुरकुरून राह्यली तुमची." झालं! गिऱ्हाइकं माझ्याकडे चोराकडं पाहावं तसं पाहायची. अहो, लढाईच्या दिवसांत आधीच रॉकेल नाही, साखर नाही, लोकांचा दुकानदारावर राग. त्यात यांची ही भर. मी कितीदा हात जोडले, "उकंडाजी, माझ्या धंद्यावर काहून उठले?" तर म्हणायचे, "मी धंद्याचं नाही बोलून राह्यलो, आवाजाचं बोलून राह्यलो." मोटेचं चाक, बंडीचा आस, तलाठ्याच्या नव्या वहाणा, यांच्या कानातून काही सुटायचं नाही.

आता गंमत ऐका. या माणसाच्या घरी एक सतार होती. त्यांच्या बापानं एका आजारी उस्तादाला पावसाळाभर मळ्यात ठेवून घेतलं होतं. तो बरा झाला, पोराला दोनचार गती, म्हणजे सतारीवरच्या बंदिशी, शिकवल्या अन् जाताना सतार ठेवून गेला. रोज सकाळी बाजारात भाजी धाडली की उकंडाजी ती घेऊन बसत. आणि साऱ्या गावाचे आवाज हुडकणाऱ्या या माणसाची स्वतःची सतार चरचरायची! मधल्या एका पडद्यावर बोट ठेवलं रे ठेवलं की तार करवादायची. तीसुद्धा सकाळीच. दुपारी वाजवावी तर सूर लख्ख.

त्यापायी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. खालच्या बारीक तारांत चिंध्या कोंबून पाहिल्या, चरचर तशीच. खुंट्या खडू लावून ठोकल्या, तशीच. आढ्यावरची पाल हाकलली. मग नजर गेली सोनावहिनींच्या बांगड्यांवर. वहिनी म्हणजे त्यांची बायको. उंबऱ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या अन् सतार ऐकत मान डोलवायच्या.

"बांगड्या काढून ठेव जराशा," उकंडाजी म्हणाले.

वहिनी विळा घेऊन उठल्या. "तुमी जिते हा ना? मंग बांगड्या कायले काढू? हे अभद्र बोलनं मले नाही खपनार!" शेवटी बांगड्यांवर फडकं बांधायचं ठरलं. चरचर गेली नाहीच.

"आयकू येते का तुले?" ते वैतागून विचारत.

"येते ना! लय गोड वाजून राह्यली!"

"गोड? अवं, हे गोड हाये?" अन् कपाळाला हात लावत.

त्या वर्षी दसऱ्याला गावानं त्यांना मारुतीच्या पारावर सतार वाजवायला सांगितलं. माणूस हवेत चालायला लागला. "भौ, जलमभर लोकं मले कुरकुऱ्या म्हनून हासले. एक डाव दाखवतो, सूर कशाले म्हनतात!" पण वेळ नेमकी सकाळची; चरचर घेऊन पारावर बसायचं कसं? झोप उडाली त्यांची.

म्हणून कारंज्याच्या उस्मानभाईंना बोलावणं गेलं. सुतारकाम करायचे, वाद्यंही दुरुस्त करायचे. त्यांनी सतारीच्या दांडीवरून एक डोळा मिटून पाहिलं, उलटी केली, सुलटी केली, मग नाक लावून हुंगली.

"मेथी का वास आ रहा है. रखते कहाँ हो?"

उकंडाजींनी भिंतीवरची खुंटी दाखवली. खुंटीखाली रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या बाजाराची मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक पाणी मारून, ओल्या पोत्याखाली ठेवलेले असत. त्या वाफेनं रातभर दांडी जराशी वाकायची, पडदे बांधलेले दोरे सैल पडायचे अन् ऊन चढलं की सगळं जागेवर यायचं.

"अरे भाई, ये लकडी है, भाजी नहीं! इसको पानी काहे को पिला रहे?" उस्मानभाई पोट धरधरून हसले. त्यांनी दोरे आवळून बांधले, एक पडदा थोडा दाबून बसवला अन् सतार चुलीकडच्या कोरड्या भिंतीवर टांगून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडाजी मला दुकानातून ओढतच घेऊन गेले. वाजवायला बसले अन् काय सांगू! नितळ सूर. एक गत झाली, दुसरी झाली. मी 'वा' म्हणणार, तोच वहिनी जुडी बांधता बांधता मागे वळल्या.

"अवो, आज वाजवत काहून नाही? भौले नुसते हात हालवून दाखवून राह्यले."

आम्ही दोघंही हसलो. थट्टाच वाटली. वहिनी पुन्हा पाठमोऱ्या झाल्या. मग उकंडाजींचं हसू विरलं. त्यांनी सतार खाली ठेवली अन् हाक मारली, "सोना!" वहिनी वळल्या नाहीत. टाळी वाजवली. पितळी तांब्या जमिनीवर आपटला. माझ्या कानठळ्या बसल्या, वहिनी मात्र दोऱ्याला गाठ मारत होत्या. आमचे ओठ पाहून त्या बोलत आल्या होत्या, कोणास ठाऊक कधीपासून. बहिऱ्या कानांना कधी एखादाच आवाज लागतो, तसं सतारीतलं त्यांच्यापर्यंत पोचत होतं ते फक्त ते करवादणं.

"साऱ्या गावाची कुरकुर आयकली मी," उकंडाजी म्हणाले, "अन् घरच्या मानसाचे कान गेले ते मले समजलं नाही." मी पडलेला तांब्या उचलून जागेवर ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी पार माणसांनी फुलला. उस्मानभाई मुद्दाम कारंज्याहून आले, आपलं काम ऐकायला. बायका देवळाच्या बाजूला बसल्या होत्या. उकंडाजींनी वहिनींना हाताला धरून आणलं अन् सगळ्यांदेखत अगदी आपल्यासमोर बसवलं. लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. मग त्यांनी खिशातून तुराटीची एक कपची काढली, त्या मधल्या पडद्याखाली सारली अन् पडदा उचलून ठेवला.

पहिलाच फटकारा मारला, तार करवादली. पारावर खसखस पिकली. उस्मानभाई तर घाबरून उठलेच, "ठहरो, ठहरो, मैं देखता हूँ!"

"राहू द्या, भाई," उकंडाजी म्हणाले. मान वर न करता वाजवत राहिले. लोक हसत होते, हा माणूस आपल्या बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

तेवढ्यात वहिनी, आपला आवाज किती चढलाय याची कल्पना नसल्यानं, साऱ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हं! आता कसं, वाजलं पाहा!"

अन् त्यांची मान डोलायला लागली. हसणं आपोआप थांबलं. उस्मानभाई हळूच खाली बसले. मी दुसरीकडे बघत उपरण्यानं डोळे पुसले.

उकंडाजींनी तीच गत पुन्हा सुरुवातीपासून धरली, जरा जोरात.