ब्रॅकनेल मतदान केंद्र, एकूण मतदार एक

रश्मी मतपत्रिका घेऊन डायनिंग टेबलाशी बसली, तेव्हा कमलाकरांनी सगळ्यात आधी आपल्या मुलाला, म्हणजे अनुपला, किचनबाहेर काढलं.

"बाबा, मी चहा करतोय."

"केंद्राच्या शंभर मीटरच्या आत थांबता येत नसते. तू मतदार आहेस का?"

"मी तिचा नवरा आहे."

"तेच तर. सगळ्यात जास्त दबाव तिथूनच येते."

अनुपने गॅस बंद केला आणि इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या दोन बेडरूमच्या घरात शंभर मीटर कुठे मिळतात ते पाहायला मागच्या बागेत गेला. कुंपण अकराव्या पावलावर लागलं. तो तिथेच उभा राहिला.

मुलाकडे राहायला आलेले कमलाकर नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय निवडणूक. बाकीचे मास्तर इलेक्शन ड्युटी चुकवायला पाठदुखीचं सर्टिफिकेट आणत. कमलाकर पाठ दुखत असताना ठणठणीत असल्याचं आणत. तीस वर्षं ते केंद्राध्यक्ष होते आणि त्यांच्या केंद्रावर एकही मत वाया गेलं नव्हतं.

सून रश्मी मात्र कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोला वाढलेली. नोकरीने तिला ब्रॅकनेलला आणलं, पण मत फ्रेस्नोचंच राहिलं. मतपत्रिका पोस्टाने घरी येणार, घरीच भरायची आणि पाठवून द्यायची, हे ऐकल्यापासून कमलाकर अस्वस्थ होते. ना पोलीस, ना पोलिंग एजंट, आणि मतपत्रिकेला टेकून लोणच्याची बरणी.

शिवाय कॅलिफोर्नियात नुसते उमेदवार निवडून सुटका होत नाही. सरकारला जे ठरवता आलं नाही, तेही मतदारांनाच विचारतात. ओळीने प्रश्न, प्रत्येकापुढे "हो" आणि "नाही" असे दोन गोल. रश्मीला त्यातला एक फार जवळचा होता: जुन्या शाळांच्या दुरुस्तीसाठी राज्याने कर्ज काढावं का?

"माझ्या स्कूलचा छत गळायचा, बाबा," ती म्हणाली. "फ्रेस्नोमधे रेन कमी पडते, पण जेवढी पडायची तेवढी आमच्या मॅथ्सच्या क्लासमधे. मी अंब्रेला धरून अल्जेब्रा शिकले. बाकी काही झालं तरी चालेल, हा व्होट मला द्यायचाच आहे."

"देशील. नियमाने देशील. डावा हात पुढे कर."

रश्मीने केला. सासऱ्यांनी मागितलेला हात का हवाय हे विचारायचं नसतं, एवढं लग्नानंतर तिला कळलं होतं. कमलाकरांनी प्रिंटरच्या काळ्या शाईची बाटली उघडली, काडी बुडवली आणि तिच्या तर्जनीवर नखापासून खाली एक ठसठशीत रेघ ओढली. मग, यादीतला एकमेव मतदार येऊन गेल्यामुळे, मेणबत्ती पेटवून बाटली सील केली.

रश्मी उजव्या हाताने लिहायची, म्हणजे डाव्या हाताने कागद धरायची. शाळांच्या प्रश्नापुढचा "हो" तिने अगदी मन लावून भरला. हात उचलला, तेव्हा बोटाखाली "नाही"चा गोलही भरलेला होता. तिच्या "हो"पेक्षा सुबक.

अनुपने काचेतून खुणेने विचारलं, येऊ का? कमलाकरांनी खुणेनेच सांगितलं, नाही.

"आता हे काउंट नाही होणार," रश्मी म्हणाली. "दोन्ही भरलं की तो प्रश्न बाद."

कमलाकरांनी पत्रिका उचलली, तिच्यावर आडवं "रद्द" लिहिलं आणि खाली सही केली. "चूक केंद्राची आहे. मतदाराला नवी पत्रिका द्यावी लागते."

नवी वेबसाइटवर मिळत होती, फक्त छापून घ्यायची होती. प्रिंटरमधली शाई संपलेली आणि नवी मेणाखाली. कमलाकरांनी सील इतकं नियमाला धरून केलं होतं की बाटली सुरीलाही दाद देईना. शेवटी शेजारच्या स्वातीकडून पानं छापून आणली. पोस्टाने ती आता वेळेत पोचणं कठीण होतं. फॅक्स चालणार होता. आणि फॅक्स मशीन फक्त स्लाऊच्या पुरुषोत्तमकाकांकडे होतं. काका तिथले जुने वकील. मशीन बिघडलं नाही म्हणून त्यांनी टाकलं नव्हतं. बायकोच्या मते त्यांचंही तसंच होतं.

"हो-की-नाही?" मतपत्रिका बघून काका म्हणाले. "अगं, आम्हाला इथे एकदा एकच प्रश्न विचारला होता, युरोपात राहायचं की नाही. अजून निस्तरतोय. तुम्हाला एवढे? आणि हे शाळांसाठी कर्ज कशाला म्हणतो मी..."

"पुरुषोत्तमराव, प्रचार बंद," कमलाकर म्हणाले. "बाहेर व्हा."

"हे माझं ऑफिस आहे."

"आत्ता मतदान केंद्र आहे."

काका बाहेर गेले. तिथून आजवर त्यांनी लोकांना बाहेर काढलं होतं. हा अनुभव नवा होता. रश्मीने नवी पत्रिका भरली, आणि मग लक्षात आलं की फॅक्स करता फक्त काकांनाच येतो. ते फुटपाथवरून फोनवर सांगू लागले.

"हिरवं बटण. ते नाही, ते कॉपीचं."

तोवर मतपत्रिकेच्या प्रती धडाधड बाहेर पडत होत्या आणि गुप्तता राखायची म्हणून कमलाकर त्या डोळे मिटून गोळा करत होते.

"बाबा, एक प्रॉब्लेम," रश्मी हळूच म्हणाली. "फॅक्सने पाठवायला साइन करावं लागतं, की मी सीक्रेट व्होटचा राइट सोडते. तिकडची क्लार्क बघू शकते ना."

कमलाकर प्रतींसकट खुर्चीवर बसले. तीस वर्षं ज्या गुप्ततेसाठी पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले, ती त्यांच्याच केंद्रात, त्यांच्यासमोर, सहीनिशी जाणार होती.

"क्लार्क ओळखीची आहे?"

"नाही."

"तिच्या घरचं कुणी उभं आहे?"

"नसेल बहुतेक."

त्यांनी खिशातलं पेन काढून तिला दिलं. "कर सही. पोरं छत्री धरून शिकतात म्हणजे काय."

आठवड्याभरात ईमेल आला: मत स्वीकारलं. रश्मीने शिरा केला. टीव्हीवर शाळांचा प्रस्ताव जिंकल्याचंही सांगून झालं, पण तिथली अधिकृत मोजणी कित्येक आठवडे चालते म्हणे. कमलाकरांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

"अहो बाबा, जिंकलाय," अनुप म्हणाला.

"टीव्ही निवडणूक अधिकारी नसते. पोरीचं मत पेटीत पडलं, ते मोजलं गेल्याशिवाय मी हलत नाही."

त्यानंतर एका दुपारी ते फ्रेस्नोचे ताजे आकडे बघत असताना नागपूरहून त्यांच्या पत्नीचा, वीणाताईंचा, फोन आला.

"विधानसभेचं मतदान करून आले," त्या म्हणाल्या. "यादीत माझ्या वरतीच तुमचं नाव. टेबलावर नकुल होता, तुमचा विद्यार्थी. तुम्ही आला नाहीत म्हणून बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन विचारलं, 'काकू, सर... कधी?'"

"मग?" कमलाकरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मग काय. म्हटलं, आहेत अजून. कॅलिफोर्नियात मोजणी चालू आहे."