भरिताचा निष्कर्ष

गुरुदत्त सबनीसांनी अख्खा चातुर्मास वांग्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. घरचा नेमच तसा. आषाढात वांगं सुटायचं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवल्यावरच परत पानात यायचं. नेमाला त्यांची ना नव्हती, पण शेवटचे दिवस फार जड जायचे बिचाऱ्यांना. त्यामुळे चंपाषष्ठीच्या दुपारी सुनंदाबाईंनी नेरे गावाहून भाजी विकायला येणाऱ्या कृष्णाबाईकडची वांगी गॅसवर भाजायला घेतली, तेव्हा पनवेलच्या कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस स्वयंपाकघरात उगाचच फेऱ्या मारत होता.

दरवर्षीप्रमाणे वरच्या मजल्यावरचा सत्यजीत आणि त्याची बायको चारुता जेवायला होती. नैवेद्य झाला, बाजरीच्या भाकऱ्या आल्या, सुनंदाबाई भरिताचं पातेलं घेऊन वाढायला आल्या. गुरुदत्तांनी भाकरीचा तुकडा मोडून तयारच ठेवला होता. तेवढ्यात सत्यजीतने टोपलीत उरलेलं एक वांगं उचललं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

“काकू, याला एकही भोक नाही. जीएम दिसतंय.”

“म्हणजे काय रे?”

“लॅबमध्ये बियाण्यातच बदल करतात. त्या वांग्याला अळी लागत नाही. याला अळी नाही. म्हणजे हे तेच. सिंपल आहे.”

आता दुसरा कुणी असता तर ‘बरं बाबा’ म्हणून जेवला असता. पण चुकीचा तर्क कानावर पडला की गुरुदत्तांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

“सत्यजीत, न्हावा शेवा बंदराला जाणारे ट्रेलर कोन गावच्या नाक्यावर अडकतात. बरोबर?”

“रोज. ते ट्रेलर पाठवणं हीच माझी नोकरी आहे.”

“काल मीही तिथे अडकलो होतो. मग मी ट्रेलर का?”

चारुता फिस्सकन हसली. गुरुदत्तांना हुरूप आला. “अळी नसायला दुसरीही कारणं असू शकतात. शिवाय आपल्याकडे जीएम वांग्याच्या लागवडीला परवानगी नाही.”

“परवानगी तर तुमच्या बाल्कनीच्या ग्रिललाही नाही, काका.”

गुरुदत्तांनी खुर्ची सरकवून बाल्कनीकडे पाठ केली.

“पण ही जीएम नाहीत ना?” सुनंदाबाईंनी विचारलं. भरिताचा चमचा त्यांनी हवेतच धरला होता.

‘नाहीत’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही!

“तसं मी म्हणालो नाही. याचा तर्क चुकलाय. तर्क चुकला म्हणून निष्कर्ष खोटाच असतो असं नाही.”

“म्हणजे असतीलही?”

“शक्यता नाकारता येत नाही.”

“अहो, देवाला दाखवलाय मी नैवेद्य!” सुनंदाबाईंनी चमचा पातेल्यात टाकला, पातेलं ओट्यावर नेऊन त्यावर झाकण आपटलं आणि कृष्णाबाईला फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

“कृष्णाबाई, वांगी कसली दिलीस गं?”

“गावठी हाय, ताई. घरचाच बी हाय. का, काय झाला?”

“मग एकही अळी कशी नाही?”

“कशी असंल? सारखा औषधाचा फवारा मारतो आमी. अळीची टाप नाय!”

फोन ठेवला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“नुसतं औषध आहे,” चारुता म्हणाली. “मी तर घाबरलेच होते.”

“औषध काय, धुतलं की गेलं,” सुनंदाबाई म्हणाल्या. पातेलं परत टेबलावर आलं.

“एक मिनिट,” गुरुदत्त म्हणाले आणि उभे राहिले. “जीएम नाही म्हणून निर्धोक, हा दुसरा घोटाळा. अहो, फवारे कमी मारावे लागावेत म्हणूनच तर ते बियाणं काढलं! आपली भीती नक्की कशाची आहे, ते आधी ठरवू. बियाण्याचा मुद्दा वेगळा, औषधाचा वेगळा, कायद्याचा वेगळा...”

वर्गात शिकवताना रंगात आले की ते डोळे मिटायचे. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. एकेक मुद्दा सुटा करत त्यांनी डोळे मिटले. कुणी मध्ये बोलेना, शंका काढेना. इतका शांत वर्ग त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनी उपसंहारही जरा सविस्तरच केला.

डोळे उघडले तेव्हा सत्यजीत भाकरीच्या तुकड्याने पातेलं पुसत होता.

“पटलं, काका. एकदम पटलं. काकू, भरीत एक नंबर!”

गुरुदत्तांनी पातेल्यात वाकून पाहिलं. त्यांना रडायचंच बाकी राहिलं.

“आणि माझं?”

“तुमचं काय?” सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. “भुकेला माणूस भरीत समोर असताना भाषण देत नाही. तुम्ही भाषण दिलंत. म्हणजे तुम्हाला भूक नव्हती.”

गुरुदत्तांनी तो तर्क सवयीने तपासला. एकदा सरळ, एकदा उलटा. रचना निर्दोष होती. तीस बॅचेस घासूनही एका पोराला जमलं नव्हतं इतकी निर्दोष. फक्त पहिलं विधान साफ खोटं होतं, आणि त्याचा पुरावा पोटात कावळे घेऊन तिथेच उभा होता. पण ते सिद्ध करायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं, आणि सत्यजीतचा हात शेवटच्या भाकरीकडे निघाला होता.

“मान्य,” गुरुदत्त म्हणाले आणि त्यांनी भाकरी ओढली.