फक्त वहिनी बसल्यावर

"पडला," ती म्हणाली.

नवऱ्याने वळण संपवून आरशात पाहिलं. मागे पिकअपच्या हौद्यात रिकाम्या कुंड्या जागच्या जागी होत्या. "काय पडलं?"

"कुंडी नाही हो. ऑइल प्रेशरचा काटा. एकदम शून्यावर."

त्याने डॅशबोर्डकडे पाहिलं तोवर काटा मधोमध येऊन साळसूदपणे उभा होता. "हा काय, जागेवर आहे."

"तुम्ही बघितलंत म्हणून आला."

ऑइलचं प्रेशर गेलं की डिझेल इंजिन जागच्या जागी जाम होतं, हे तिने मोबाईलवर वाचलं होतं. खरं तर ती बाळाला सारख्या शिंका का येतात ते शोधत होती. तिथून इंजिनापर्यंत कशी पोचली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण तेव्हापासून पिकअपमध्ये बसली की ती त्या काट्याकडे थर्मामीटरकडे बघावं तशी बघायची. आणि गेले काही दिवस काटा पडत होता. वळणावर पडायचा, गतिरोधकावर पडायचा, समोरून ट्रक आला की पडायचा.

एरवी नवऱ्याने दुर्लक्ष केलं असतं. पण उद्या सकाळी नव्या हॉस्पिटलच्या बागेसाठी रोपं पोचवायची होती. माल वेळेवर आला तर वर्षभराचं काम तुमच्या नर्सरीला, नाहीतर दुसरे आहेतच, असं तिथल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

सासऱ्यांना दोघांचीही काळजी पटली नाही. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. बॉनेटला कान लावून त्यांनी निकाल दिला, "इंजिन ठणठणीत आहे. सूनबाई, तू एकदा तुझंच प्रेशर तपासून घे."

तरी बाळाला आजीकडे देऊन दोघं गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. त्याने ऑइल पाहिलं, पुरेसं होतं. सेन्सर बदलला. मग स्वतःचं मीटर थेट इंजिनाला जोडून पाहिलं, तर प्रेशर अगदी बरोबर. नवऱ्याला घेऊन तो एक चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "काटा हललासुद्धा नाही, वहिनी. न्या गाडी."

"मी बसून बघते एकदा."

ती बसली. पहिल्याच वळणावर काटा शून्यावर. या वेळी नवऱ्यानेही पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. परत आल्यावर वस्ताद पुन्हा स्वतः जाऊन आला. काटा स्थिर. मग पुन्हा ती. काटा शून्यावर.

वस्तादने डोकं खाजवलं. "फक्त वहिनी बसल्यावर पडतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय, तेच मला कळत नाहीये."

आधी तिचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. फरक पडला नाही. मग वस्तादला वाटलं, त्या बाजूला वजन आलं की काहीतरी दबत असेल. "वहिनी, वजन किती तुमचं?" तिने सांगितलं. नवऱ्याला खोकला आला. वस्तादने सीटवर नटबोल्टांची गोणी ठेवली होती, तिच्यावर न बोलता एक जुनी बॅटरी चढवली. गोणी आणि बॅटरी अख्खी चक्कर मारून आल्या, काटा जागेवर.

"प्रवास मात्र शांततेत झाला," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं तसा तो टायरवर जाऊन बसला.

"मग पंपच असणार," वस्ताद म्हणाला, पण स्वतःलाच पटत नसल्यासारखा. "इंजिन उतरवून बघावं लागेल. चार दिवस धरा."

"उद्या रोपं न्यायचीत, वस्ताद." नवरा उठला. "त्यापेक्षा ही उद्या घरी राहू दे. ही नसली की गाडी नीट चालते."

"आणि काटा माझ्यासमोरच खरं बोलत असेल तर?" ती म्हणाली. "रस्त्यात इंजिन जाम झालं, मग?"

 शेवटी सासऱ्यांना फोन गेला. ते आले तेच करवादत. "गाडी काय माणूस बघून बिघडते? मी बसतो तिच्या जागी. तू मधे सरक, सूनबाई."

ती मधे सरकली, सासरे दाराशी बसले, नवऱ्याने गाडी काढली. कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला.

"हळू," सासरे म्हणाले. काटा शून्यावर गेला.

"पडला," ती आणि नवरा एकदमच म्हणाले.

 पुढे गतिरोधक आला. "अरे, हळू." पुन्हा शून्य. या वेळी तिला खालून धप्प असा आवाज आला. इतक्या दिवसांत तिने काट्यावरची नजर पहिल्यांदाच काढून खाली पाहिलं.

"बाबा, तुमचा पाय."

"पायाला काय झालं?"

"तुम्ही ब्रेक दाबताय."

"मी कशाला दाबू? गाडी तो चालवतोय," सासरे म्हणाले, आणि समोरून ट्रक येताच त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर धप्पकन आदळला. काटा शून्यावर.

तिने हळूच आपल्या पायाकडे पाहिलं. तोही पुढे ताणून दाबलेला होता. मधल्या सीटसमोर गिअरबॉक्सचा उंचवटा होता, म्हणून फक्त आवाज झाला नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर वस्तादने दाराकडच्या सीटसमोरची चटई उचलून टॉर्च मारला. काट्याकडे जाणारी तार तिथे सैल पडली होती. तिचा सांधा पायाने दबला की सुटायचा, पाय उचलला की पुन्हा टेकायचा.

"ही टेप कुणी गुंडाळली?"

नवऱ्याने मागच्याच महिन्यात तिथून स्पीकरच्या तारा स्वतःच्या हाताने ओढल्या होत्या. तो आता गॅरेजचं छत बघत होता.

वस्तादने तार पक्की केली. मग सासरेच म्हणाले, "तीस वर्षांची सवय आहे. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की पाय राहत नाही."

"आणि वहिनींचं काय?" वस्तादने विचारलं.

"एका घरात राहतो आम्ही. लागली असेल माझी सवय," सासरे म्हणाले. तिच्या प्रेशरचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना वस्तादने भंगारातून ब्रेकचं एक जुनं पेडल शोधून आणलं आणि शेजारच्या सीटसमोर खाली घट्ट बसवून दिलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. "आता दाबा निवांत. तारेला त्रास नको."

दुसऱ्या दिवशी रोपांनी भरलेली गाडी निघाली. काटा इतका स्थिर होता की तिने दोनदा विचारलं, "अडकला तर नाही ना?" वळण आलं, तिने पेडल दाबलं. गाडी सावकाश झाली. तिला बरं वाटलं. नवऱ्याने आपला ब्रेक तिच्यानंतर क्षणभराने दाबला होता. माल वेळेवर उतरला आणि साहेबांनी पुढच्या खेपेची तारीखही दिली.

घरी सासरे बाळाला खांद्यावर घेऊन फाटकातच उभे होते. कामाचं त्यांनी नंतर विचारलं.

"ब्रेक कसा लागतोय?"

"लागतो तसा, बाबा," ती म्हणाली. "पण जरा उशिरा लागतो."

"वस्तादला सांगून आवळून घे," सासरे गंभीरपणे म्हणाले. "ब्रेकच्या बाबतीत हयगय नको."