म्होरं बांधलेला मेंढा

गावात आठवीचा वर्ग निघाला, तर धुळाजीच्या पदरात पडणार होतं ते एवढंच : पोरगा सिदू रोज संध्याकाळी त्याच्याच ताटात जेवणार होता. शाळा सातवीला संपत होती. पुढं शिकायचं तर औरंगाबाद, आणि तिकडं गेलेलं पोर सणासुदीला पाहुण्यासारखं येतं, हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून मेंढरं वळणाऱ्या या माणसानं वर्गाच्या अर्जावर सगळ्यांआधी अंगठा उठवला. वर नारायणगडावर नवसही बोलून आला, "पोराला म्होरं शिकू दे, गूळ वाटीन."

निजाम सरकारच्या तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं, तशी पालकांची बैठक सुंदररावांच्या ओसरीवर बसली. सुंदरराव मोठे जमीनदार. त्यांचा बंकट सिदूच्याच वर्गात, म्हणजे बसायला.

"बंकटला म्होरं बसवा. अंगावर कोट हाय," सुंदरराव म्हणाले.

"मालक, बाजारात कळप इकायचा तर म्होरं काय बांधतेत? तगडा मेंढा. गिऱ्हाईक त्याला बघून सगळा कळप घेतंय. आमचा सिदू बांधा म्होरं."

"कावून? आमचा बंकट काय लंगडा हाय?"

"लंगडा न्हाई मालक. पर पाढे येतेत का त्याला?"

ओसरी हसली. सुंदरराव सुपारी कातरू लागले, म्हणजे ठरलं.

साहेब आले. उर्दूतून सवाल टाकला, सिदूनं उत्तर दिलं. हिशेब घातला, सिदूनं सोडवला. साहेब मागच्या पोरांकडं वळले, की दारातून धुळाजी खोकायचा. "कुनी अडलं की तू बोल बे, कळप सारखा दिसला पायजे," असं त्यानं पोराला बजावून ठेवलं होतं. शेवटी साहेबांनी बंकटला त्याचं नाव विचारलं, तर बंकटही सिदूकडं पाहू लागला.

साहेब हसले आणि बाहेर येऊन मोडक्या मराठीत म्हणाले, "एका मुलासाठी वर्ग निघत नाही. पण हा मुलगा इथं वाया जाईल. वजीफा देतो, खर्च सरकारचा, औरंगाबादच्या बोर्डिंगात पाठवा."

"साहेब, कळप सोडून नुसता मेंढाच नेता व्हय?"

साहेबांना कळलं नाही. सुंदररावांना कळलं, पण ते हसले नाहीत. 'न्हाई' हा शब्द धुळाजीच्या ओठापर्यंत आला होता, तेवढ्यात सिदूनं त्याचा हात ओढला. "आबा, तिथं लई पुस्तकं असतेत का?"

धुळाजीनं शब्द गिळला. "असतील की."

सिदू गेला. त्याची आई कडूबाई अजून सवयीनं ताटातली भाकरी मधोमध मोडायची आणि अर्धी तशीच राहायची. एकदा सुंदरराव वाटेत भेटले. "सुटलास लेका धुळाजी! आमचं रोज समोर बसून जेवतंय." त्या तक्रारीचा धुळाजीला असा हेवा वाटला, की त्याचं मेंढरांवरचं ध्यान उडालं.

घरी आला, तर कडूबाई म्हणाली, "नवस फेडायचा राह्यलाय."

"कसला? वर्ग कुठं निघाला?"

"वर्गाचं कवा बोललाव? पोराला म्होरं शिकू दे म्हनलाव. शिकायलंय की."

धुळाजी गुळाची भेली घेऊन गडावर गेला, येताना गावात घरोघर थांबला. सुंदररावांच्या ओसरीवर बंकटनं दोनदा हात पुढं केला.

पोरगं धुळाजीचं गेलं, आणि गूळही त्याच्याच पदरचा.