कडी नसलेला रुपया

हिलाल आप्पा नाणं डोळे मिटून बघायचे. कुणी जुना रुपया हातात दिला की आधी धोतराच्या सोग्याला पुसायचे, मग डोळे मिटून तो पापणीवरून हळूच फिरवायचे. अक्षर झिजलेलं असेल तिथे त्यांची भुवई खाली यायची. "डोया खोटं बोलस मास्तर," ते मला सांगायचे, "पापणी नई बोलस."

नंदुरबारच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा आप्पांच्या ओसरीला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली, आणि सोबत त्यांच्या म्हशीचं शेरभर दूध. हिवाळ्यात खळ्यात मिरच्या वाळत पडायच्या. सगळं आवार लाल, उन्हात पेंगलेलं, आणि त्या लालीच्या कडेला खाटेवर आप्पा, पापणीवर नाणं ठेवून पडलेले. मिरचीच्या तिखट वासाने शिंका येत असतानाही माणूस इतका सुखात असू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

नाणी दाखवायला पुष्कळ जण येत. आप्पा बहुतेक सगळी परत करत. तिकडे चांगला रुपया हाती आला की लोक सोनाराकडून त्याला कडी बसवून घेतात आणि बायकांच्या गळ्यातल्या माळेत ओवतात. "कडी लागनी, नाणं मरनं," असं म्हणून आप्पा सुतक आल्यासारखे गप्प बसत. मला हसू यायचं, कारण त्यांच्या बायकोच्या, म्हणजे जिजींच्या, गळ्यात अशाच मेलेल्या रुपयांची माळ होती. त्यात मधल्या एका रुपयाची जागा रिकामी, आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ. जिजींना बोलण्याचा कंटाळा. गाठीचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

एका पौषात सुरतेचा एक व्यापारी रेल्वेने आला आणि धर्मशाळेत उतरला. त्याच्याजवळ सुरतेच्या टांकसाळीचा बादशाही रुपया होता. तसे हे रुपये पुष्कळ सापडतात. पण ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं काठाबाहेर गेलेली असतात. या रुपयावर सगळीच्या सगळी अक्षरं होती. कडी नाही, सराफाने पारखताना मारलेली खूण नाही, आणि ठसा तर आज सकाळीच मारल्यासारखा. किंमत साठ रुपये. तेवढ्यात तेव्हा दुभती म्हैस यायची.

आप्पांनी तो जांगड आणला. आठ दिवस घरी ठेवायचा, पटला तर पैसे द्यायचे, नाहीतर रुपया परत. ते आठ दिवस आप्पा जमिनीवर नव्हतेच. जेवताना घास हातात राहायचा. बैलांना पाणी पाजायला जायचे आणि बैल तिथेच विसरून यायचे. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो की एका रुपयाला साठ रुपये देणाऱ्याला आमच्या शाळेत पुन्हा पहिलीत बसवतात. "बराबर शे," ते म्हणाले, आणि घटकाभराने तेच पुन्हा विचारलं. एकदा मात्र पापणीवरून रुपया न काढताच पुटपुटले, "आशी अक्षरं मी जलममा एकदाच देखेल शेतस." कुठे, ते काही सांगेनात.

आठव्या दिवशी शाळेतून आलो तर गोठ्यात म्हशीचा खुंटा रिकामा. माझं दूधही त्याच वाटेने गेलं होतं, तेव्हा राग आला तो निव्वळ आप्पांच्या काळजीपोटी होता असं म्हणणार नाही.

पण खरा कहर दुसऱ्या दिवशी झाला. आप्पा सोनाराकडून आले आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला. त्याला कडी बसवलेली होती. साठाचा रुपया घटकाभरात पुन्हा एक रुपयाचा झाला होता. मी नाही नाही ते बोललो. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि मग खाटेच्या कडेला बसून सांगितलं. त्यांचं नवं लग्न होतं. असाच एक सुरतेचा माणूस आला, जिजींच्या गळ्यातला, अशाच अक्षरांचा, मधला रुपया पाहिला आणि आप्पांना म्हणाला की तुम्हाला नाण्याची पारख आहे. असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर त्यांनी बायकोच्या गळ्यातला रुपया काढून त्याला दिला.

"तिनी दोराले गाठ मारी लिधी," आप्पा म्हणाले. "चाळीस वरीस व्हयी गयात. काहीच नई बोलनी."

जिजी मिरच्यांची देठं खुडत होत्या. आप्पांनी रुपया पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, लाल गाठ सोडली, रुपया ओवला आणि माळ गळ्यात घातली. मग मान जरा वाकडी केली.

"टोचस," त्या म्हणाल्या.

"नवा शे," आप्पा म्हणाले. "घसाई जाई."

"कितला वरीसमा?"

आप्पांनी खरोखर हिशेब केला. दोघांनीही साठी ओलांडली होती. "व्हयी जाई चाळीसेक वरीसमा."

जिजी हसल्या. त्या हसतात हे मला माहीत नव्हतं. "मंग तितला वरीस ऱ्हावं लागी," त्या म्हणाल्या, आणि देठं खुडायला लागल्या.

त्या संध्याकाळी बिनदुधाचा चहा मी कुरकुर न करता प्यालो.