शूर बांगडा, भाग दोन

शके एकोणीसशे पंचेचाळीस. त्या साली श्रावण दोन आले. गोष्ट पहिल्या श्रावणातली, म्हणजे अधिकातली. पाऊस उघडझाप करत होता आणि समुद्र गढूळ होता.

मुलांनो, साल पाठ करा. साल नसलं की लोक गोष्टीला थाप म्हणतात. साल असलं की त्याच थापेला इतिहास म्हणतात.

एका समुद्रात एक काळा खडक होता. त्या खडकाखाली धोंडू नावाचा खेकडा राहत असे. त्याला एकच नांगी होती. दुसरी कुठे गेली ते सांगतो. मध्ये विचारू नका.

मागल्या थंडीत रुपाजी नावाचा बांगडा जाळ्यात सापडला होता. रुपाजी देखणा होता. पाठ हिरवीनिळी, पोट चांदीचं. पण देखणेपणानं जाळं तुटत नाही. तो ओरडला. त्याचा थवा पुढे निघून गेला. धोंडू तेवढा तिरका तिरका आला. त्यानं जाळ्याचे नऊ धागे कापले. दहाव्यात त्याची नांगी अडकली. त्यानं ती तिथेच सोडून दिली. खेकड्यांना तसं करता येतं. माणसांना येत नाही, म्हणून माणसं जास्त अडकतात.

रुपाजी सुटला. म्हणाला, "धोंडूदा, जन्मभर विसरणार नाही."

आठ दिवसांत विसरला.

त्याचं असं झालं. त्या समुद्रात शेवंडशेठ राहत. शेवंड म्हणजे कोळंबीचं लांब मिशांचं श्रीमंत भावंड. शेठ कार्टूनचे चित्रपट काढत. पाकट नावाचा सपाट मासा तुम्ही पाहिला असेल. पाकटीचं पोट पांढरं असतं. अशा चाळीस पाकटी शेठनी धरल्या होत्या. दहा हातांच्या माकूळबाईच्या पोटात शाई. ती प्रत्येक पाकटीच्या पोटावर एकेक चित्र काढी. मग चाळीसही पाकटी रांगेनं डोक्यावरून सळसळत जात. खाली बसलेल्या माशांना वाटे, चित्र हललं.

शाई पाण्यात पुसली कशी नाही? ज्याला हा प्रश्न पडला असेल त्यानं उठून बाहेर जावं.

रुपाजीनं माकूळबाईला आपली हकिकत सांगितली. सांगताना नऊ धाग्यांचे नव्वद झाले. कापणारा तो स्वतः झाला. दातांनी. जाळं कापण्याजोगे दात बांगड्याला नसतात, हे माकूळबाईला ठाऊक होतं. पण तिला चित्राचे पैसे नव्हे, खायला जवळा मिळायचा. जवळा मिळाला की ती प्रश्न विचारत नसे.

चित्रपटाचं नाव 'शूर बांगडा'. त्यात एक खेकडाही होता. विनोदी. तो तीन वेळा खडकावरून पडतो आणि तिसऱ्या वेळी त्याची नांगी मोडते. तिथे सगळ्यात जास्त हशा पिकला.

त्या दिवसापासून धोंडू दिसला की कोळंब्यांची पोरं खडकावर चढत आणि धप्पकन पडून दाखवत. धोंडू खडकाखाली सरके. पोरांशी बोलू नये.

पण वैशाखात एक तांबोशी जाळ्यात अडकली. लेकुरवाळी होती. ती ओरडली, "रुपाजी, धाव रे!"

रुपाजी आला. जाळ्यासमोर उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं.

"काप ना!" तांबोशी म्हणाली.

"ताई, आज जरा दात दुखतायत."

जाळं वर गेलं. धोंडू चारच वाव अंतरावर खडकाखाली होता. त्याला कोणी हाक मारली नाही. त्याला कळलं तेव्हा वर नुसता फेस होता.

धोंडू रुपाजीकडे गेला. पहिल्यांदाच कोणाच्या दारी गेला.

"रुपाजी, एकदा सांगून टाक."

"काय सांगू?"

"जाळं कोणी कापलं ते. चारचौघांत सांग. मला हारतुरे नकोत. हाक बरोबर ठिकाणी यायला पाहिजे. हाक चुकली की जीव जातो. परवा गेला."

रुपाजीनं शेपटी हलवली. "सांगतो ना, धोंडूदा. पण आता मध्येच कसं सांगू? दुसऱ्या भागात सांगतो."

"दुसरा भाग कशाचा?"

"चित्रपटाचा. शेठ काढणार आहेत. मी तुझा ऋणी आहे, धोंडूदा."

"ऋणी राहू नकोस. फेड."

असे बोलणारे कोणाला आवडत नाहीत. रुपाजी निघून गेला.

"दुसऱ्या भागात" हा शब्द मात्र समुद्रात रुळला. केंड मासा बायकोला म्हणे, घरी दुसऱ्या भागात येतो. मुशी म्हणे, तुला दुसऱ्या भागात खाईन. सगळ्यांची सोय झाली.

इकडे लोक शेठना सोडेनात. "दुसरा भाग पाहिजे!"

"कसा पाहिजे?" शेठनी विचारलं.

"पहिल्यासारखाच. पण वेगळा."

शेठनी मिशा कुरवाळल्या. "पहिल्या भागात बांगडा जाळ्यातून सुटला. दुसऱ्या भागात तो आपणहून जाळ्यात शिरेल."

"का शिरेल?" माकूळबाईनं विचारलं.

"दुसरा भाग आहे म्हणून."

एवढ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी मुडदुशी बोलली. मुडदुशी वाळूत तोंड खुपसून राहते, पण कान उघडे ठेवते. ती म्हणाली, "मेल्यांनो, बांगड्याला दात कुठे असतात?"

कुजबूज झाली. कुजबूज वाढली की धंदा बसतो. शेठ मोठ्यानं म्हणाले, "या वेळी आधी खरं साहस होईल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माकूळबाई तिथल्या तिथे चित्र काढेल."

रुपाजीचं चांदीचं पोट पांढरं पडलं. चांदी आणि पांढरं यातला फरक कोणाच्या ध्यानात आला नाही.

काळ्या खडकाला एक जुनं फाटकं जाळं अडकलेलं होतं. ते शेठनी निवडलं. प्रश्न होता होड्यांचा. म्हणून शेठ कासवभटांकडे गेले. त्यांना पंचांग तोंडपाठ होतं.

"भटजी, होड्या कधी निघतील?"

"नारळी पौर्णिमेला माणसं दर्याला नारळ वाहतात. मग होड्या लोटतात. माझ्या पणजोबांपासून हेच चालत आलंय."

"ती पौर्णिमा कधी?"

"निज श्रावणात. यंदा आधी अधिक आलाय. म्हणजे आपल्याला महिना जादा मिळाला."

"मग या अधिकातल्या पौर्णिमेला करून टाकू. भरती मोठी, गर्दी मोठी."

"अधिकात शुभकार्य करत नाहीत."

"चित्रपट शुभकार्य नाही."

कासवभटांनी मान आत घेतली. बोलणं शास्त्राला धरून होतं.

"शिवाय," शेठ म्हणाले, "अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. खडक म्हणजे धोंडा. खाली राहतो तो धोंडू. योगच आहे."

धोंडूला या योगात कोणी विचारलं नव्हतं. विचारायला रुपाजी आला.

"धोंडूदा, एक काम होतं. मी जाळ्यात शिरीन. तू मागून काप. मी पुढून तोंड हलवतो."

"म्हणजे परत तेच."

"शेवटी सांगणार ना! सगळे सुटले, टाळ्या झाल्या, की पुढे येऊन सांगतो. तुझ्या गळ्याशप्पथ."

"मला गळा नाही."

"मग माझ्या."

धोंडू या बांगड्यासाठी जाणार नव्हता. पण जाळ्यात पुढे कोण सापडेल आणि कोणाला हाक मारेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"हाच दुसरा भाग ना?" त्यानं विचारलं.

"हाच."

"येतो."

अधिक श्रावण पौर्णिमा, मंगळवार. सकाळी खडकासमोर तारल्या, पेडवे, बोंबील, मांदेली, सगळा समुद्र लोटला. पुढच्या जागांसाठी मारामाऱ्या झाल्या. चाळीस पाकटी रांगेत उभ्या होत्या. माकूळबाईनं शाई घोळवली. शेठनी मिशीनं इशारा केला.

रुपाजी फाटक्या जाळ्यात शिरला. तोंड उघडू-मिटू लागला. मागे धोंडूनं पहिला धागा धरला.

तेवढ्यात वर घरघर झाली.

कासवभटांचं गणित चुकलं नव्हतं. माणसांनी होड्या पंचांगावरून लोटणं सोडलं होतं. आता सरकार तारीख देतं. तारखेला अधिक नसतो आणि निजही नसतो. हे माशांना कोणी कळवलं नव्हतं. नारळ मात्र माणसं अजून निज श्रावणातच वाहतात. महिनाभर मासे मारून झाले की मग दर्याला म्हणतात, शांत हो.

नवंकोरं नायलॉनचं जाळं वरून उतरलं. खडकासमोरच्या सगळ्या गर्दीवर पसरलं.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

"शेठनी खर्च केलाय हां!" एक तारली म्हणाली.

"पहिल्या भागात एवढं मोठं नव्हतं!"

शेवंडशेठही जाळ्यात होते. ते ओरडले, "हे माझं नाही! अरे पळा, हे माझं नाही!"

"वा! काय संवाद आहे," बोंबील म्हणाला. बोंबलाला हाड कमी. तो लवकर खूश होतो.

मग जाळं आवळायला लागलं. टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी एकाच वेळी हाक मारली, "रुपाजी!"

रुपाजी दोन जाळ्यांत होता. आत जुनं, बाहेर नवं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

धोंडू खडकामागे होता. तो जाळ्याबाहेर होता. तिथेच राहिला असता तर सुखरूप राहिला असता. ठरलंही तसंच होतं, मागे राहायचं.

तो पुढे आला. सगळ्यांसमोर आला. एका नांगीनं कापू लागला. नायलॉन चिवट असतं. पहिल्या धाग्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जाळं हातभर वर गेलं. धोंडू जाळ्याला धरून त्याच्याबरोबर वर गेला. सात धागे तुटल्यावर भोक पडलं. त्यातून मांदेली सुटली. बारा तुटल्यावर तारल्या आणि पेडवे सुटले. सतराव्याला शेठ मिशा सोडून सुटले. एकोणिसाव्याला जुन्या जाळ्याचा फास सुटला आणि रुपाजी बाहेर पडला.

विसाव्या धाग्याचा पीळ नांगीवर बसला. जाळं पाण्याच्या वर निघालं होतं. धोंडूनं वर बघितलं, खाली बघितलं. मग नांगी सोडून दिली.

तो खाली आला तो थेट वाळूत. त्याला आता आठ पाय होते आणि हात एकही नव्हता.

सगळे सुटलेले मासे खडकाभोवती जमले. रुपाजी पुढे आला. तो रडतच बोलू लागला.

"ऐका. आज जाळं धोंडूदानं कापलं. तुम्ही बघितलं. मागच्या वेळीही त्यानंच कापलं. मी कापलं नाही. मला दात नाहीत. तांबोशीताई माझ्यामुळे गेली. यापुढे हाक मारायची तर धोंडूदाला मारा."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरच्या होडीतल्या माणसानं आभाळाकडे पाहिलं.

"काय काम केलंय!" पेडवा म्हणाला.

"रडला पण किती खरा!"

"आणि स्वतः नायक असून मान खेकड्याला! मनाचा मोठेपणा हो."

"अरे, मी खरं सांगतोय!" रुपाजी ओरडला.

"अजून चालूच आहे!" तारल्या चीत्कारल्या. "पुन्हा म्हण! पुन्हा म्हण!"

रुपाजीनं पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लोक त्याच्याबरोबर म्हणू लागले. त्यांना ते पाठ झालं होतं.

म्हातारी मुडदुशी तेवढी वाळूतून वर आली. धोंडूच्या रिकाम्या खांद्यांकडे तिनं बघितलं आणि पुन्हा वाळूत गेली.

शेठना मिशा नव्हत्या, पण डोकं होतं. ते माकूळबाईला म्हणाले, "शेवटचं भाषण घे. फक्त खेकडा काढू नकोस. बांगडा एकटाच चांगला दिसतो."

भाग दोन पहिल्यापेक्षा जास्त चालला.

होड्या सुटल्यामुळे दर्या मोकळा राहिला नव्हता. बांगड्यांचा थवा दक्षिणेला निघाला. थव्यातले म्हणाले, "रुपाजी, चल. तिसऱ्या भागाची बोलणी वाटेत करू."

"तुम्ही व्हा पुढे," रुपाजी म्हणाला.

"एकटा बांगडा जगत नाही रे."

"बघू."

नांगी नसलेल्या खेकड्याला खाता येत नाही. रुपाजी रोज उजाडता जवळा आणायचा. तोंडात धरून आणायचा. भुकेल्या बांगड्यानं तोंडातला जवळा न गिळता आणायचा, हे सोपं नाही. पहिल्या दिवशी त्यानं तीनदा गिळला. चौथ्यांदा पोचवला.

धोंडू आभार मानत नसे. रुपाजी मागत नसे. दोन्ही श्रावण गेले, भाद्रपद गेला. रुपाजी वाळला. पाठीचा निळा रंग उतरला. मुशी दोनदा मागे लागली. तो खडकाच्या फटीत शिरून वाचला आणि सकाळी जवळा घेऊन आला.

कार्तिकात धोंडूनं जुनं कवच टाकलं. आत नवं होतं. नव्याला दोन नांग्या होत्या. लहान होत्या, मऊ होत्या. आठवडाभर तो खडकाखालून बाहेर आला नाही. रुपाजी जवळा फटीत ठेवून जात राहिला.

आठव्या दिवशी धोंडू बाहेर आला. खडकावर शेवाळाचा एक धागा लोंबत होता. त्यानं तो नांगीत धरला. तुटला. शेजारी जुन्या जाळ्याचा तुकडा होता. तोही धरला. वेळ लागला, पण तुटला.

रुपाजी बघत होता. त्याच्या तोंडात जवळा होता.

"तो तू खा," धोंडू म्हणाला. "फिटलं."

रुपाजीनं जवळा गिळला आणि दक्षिणेला निघाला.

तात्पर्य : खोटं वेळेवर बोलावं. खरं उशिरा बोललं तरी चालतं. टाळ्या दोन्हीला सारख्याच पडतात.